आईला दुबई सांगू नका

पत्र बडोद्याच्या मांजलपूरहून आलं आहे. थोडं कापून देते.

“ताई, मी ३७ वर्षांचा. मकरपुऱ्याच्या एका कंपनीत ११ वर्षं टेस्टिंग-कमिशनिंग करतो. रिले, ब्रेकर, ट्रान्सफॉर्मर सगळं हाताखालून गेलंय. पगार हातात ७२ हजार, त्यातले ३८ हजार फ्लॅटच्या हप्त्यात जातात आणि अजून ३१ लाख फेडायचेत. मुलगा पाचवीत आहे. आता पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात २२५ केव्हीच्या सबस्टेशनचं काम आलंय. दोन वर्षांचा करार, महिना २,६०० डॉलर, राहणं-खाणं कंपनीचं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघायचं. बाबा रिफायनरीतून रिटायर झालेत, ते रोज मालीची बातमी कापून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवतात, बोलत काही नाहीत. बायको म्हणते, तुम्ही ठरवा. एक जुना सहकारी दोन वर्षं तिथल्या राजधानीत, बमाकोत आहे, तो हॉटेलच्या स्विमिंग पूलचे फोटो पाठवतो आणि म्हणतो, काही होत नाही. एजंट म्हणतो, कशो वांधो नथी (काही अडचण नाही). आईला बीपीचा त्रास आहे, तिला दुबईला चाललोय असं सांगायचं ठरवलंय. दहा दिवसांत कळवायचंय. ऑफर लेटर जोडलंय. जाऊ का?”

तुमचं पत्र मी एकदा वाचलं, ऑफर लेटर चार वेळा. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे बाकीचं तुम्ही निवांत वाचाल. या कागदावर सही करून जाऊ नका. कागद बदलून मिळाला तर पुन्हा लिहा, तेव्हा माझं उत्तर कदाचित वेगळं असेल.

नव्या वाचकांसाठी सांगते. हे सदर लिहायला लागण्याआधी २२ वर्षं मी इथल्याच एका विजेच्या लाईन टाकणाऱ्या कंपनीत परदेशी साइटवर माणसं पाठवायचं टेबल सांभाळलं. व्हिसा, तिकिटं, लसी, घरी जायचे पैसे आणि रात्री-अपरात्री येणारे फोन. मी स्वतः एकही टॉवर चढले नाही. पण चढणाऱ्यांच्या बायकांचे नंबर मला तोंडपाठ होते.

तर तुमच्या कागदाचं पाचवं कलम. मराठीत सांगायचं तर, ‘कामाचे ठिकाण बमाको, किंवा प्रकल्पाच्या गरजेनुसार मालीतील अन्य कोणतेही ठिकाण.’ पगाराच्या आकड्यावरून तुमची नजर या ओळीवर आली नसणार. सगळ्यांचं असंच होतं.

बाबांची कात्रणं खरी आहेत आणि मित्राचा स्विमिंग पूलही खरा आहे. दोघं वेगवेगळ्या जागेबद्दल सांगताहेत. मित्राकडे आणखी फोटो मागू नका. त्याला एवढंच विचारा, की तू बमाकोच्या बाहेर रस्त्याने शेवटचा कधी गेलास, आणि सोबत कोण होतं? त्याच्या उत्तरापेक्षा उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते ऐका.

तुम्ही लाईनच्या माणसांबरोबर वाढलात, म्हणून तुम्हाला हे पटकन कळेल. सबस्टेशन एका जागी असतं. त्याला भिंत असते, गेट असतं, गेटवर कोण आहे ते माहीत असतं. लाईन रोज पुढे सरकते. कामगारांची गँग सकाळी ठरलेल्या वेळी त्याच रस्त्याने बाहेर पडते आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने येते. चार दिवस झाडाखाली बसून बघणाऱ्याला तुमचं वेळापत्रक पाठ होतं. अफगाणिस्तानात बागलान प्रांतात २०१८ च्या मे महिन्यात सात भारतीय पळवले गेले, ते विजेच्याच कामावरचे होते आणि गाडीतून निघाले होते. त्यातल्या काहींना सुटायला वर्षाहून जास्त लागलं. नायजरमध्ये २०२५ च्या एप्रिलमध्ये पाच जणांना उचललं, तेही लाईनवरचे. जुलैत तिथेच, दोस्सो भागात लाईनच्या कामावर हल्ला झाला, दोन भारतीय मारले गेले आणि एकाला नेलं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या ६ तारखेला पश्चिम मालीत विद्युतीकरणाच्या कामावरचे पाच भारतीय. हे शेवटचं कात्रण तुमच्या कपाखाली आलं असणारच.

भिंत असली म्हणजे झालं असंही नाही, हे मला लपवायचं नाही. २०२५ च्याच १ जुलैला मालीतच कायेस इथे सिमेंटच्या कारखान्यात शिरून तिघा भारतीयांना नेलं. कारखान्याला भिंत होतीच. पण तो कारखाना बमाकोत नव्हता. कायेस ते बमाको सहाशे किलोमीटर आहे, बडोद्याहून पुण्यापेक्षाही लांब. आणि वाटेत फूडमॉल नाहीत.

मालीत नेमकं काय चाललंय ते तुम्ही वाचलं असेल, तरी माझ्या कामापुरतं सांगते. ऑगस्ट २०२० मध्ये एकदा आणि मे २०२१ मध्ये पुन्हा एकदा लष्कराने सत्ता घेतली. फ्रेंच सैन्य २०२२ मध्ये गेलं, संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना २०२३ च्या अखेरीस गेली. अल कायदाशी बांधलेली जेएनआयएम नावाची संघटना खेड्यापाड्यांत पसरत होती, ती आता रस्त्यांवर आली आहे. सप्टेंबर २०२५ पासून ते सेनेगल आणि आयव्हरी कोस्टकडून येणारे डिझेल-पेट्रोलचे टँकर अडवू, जाळू लागले. बमाकोत पंपांवर रांगा लागल्या, ऑक्टोबरच्या शेवटी सरकारने देशभरच्या शाळा दोन आठवडे बंद ठेवल्या. अमेरिकेने आपल्या लोकांना ‘निघा’ म्हणून सांगितलं, आणि सांगताना रस्त्याने नको, विमानाने जा असंही सांगितलं. राजधानी जेएनआयएमच्या हातात नाही. पण १७ सप्टेंबर २०२४ ला बमाकोचा विमानतळ आणि जवळचं पोलिसी प्रशिक्षण केंद्र यांवर हल्ला झालेला आहे.

डिझेल हा शब्द तुम्ही वाचून पुढे गेला असाल. परत मागे या. कॅम्पचं पाणी डीजी सेटवर, म्हणजे डिझेल जनरेटरवर चालतं. फ्रीज त्यावर, वायफाय त्यावर, मोबाइलचा टॉवर त्यावर, आणि ज्या गाडीतून तुम्हाला विमानतळावर नेणार तीही डिझेलवर. बंदुकीचा आवाज यायच्या कितीतरी आधी कॅम्प असा हळूहळू बंद पडतो. तेव्हा कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न सुरक्षारक्षक किती आहेत हा नाही. आज कॅम्पात किती दिवसांचं डिझेल आहे, हा आहे. सांगणारा आकडा लगेच सांगतो की ‘विचारून कळवतो’ म्हणतो, यावरून तिथे घर कोण चालवतंय ते समजतं.

संकट आलं की आपलं सरकार विमान पाठवतं असं आपल्याला वाटतं, आणि ते खोटंही नाही. १९९० साली कुवेत-इराकमधून सुमारे १ लाख ७० हजार माणसं अम्मानमार्गे घरी आली. २०१५ साली येमेनमधून एडनच्या बंदरातून नौदलाच्या जहाजांनी जिबूतीला नेली. २०२२ साली युक्रेनमधली मुलं थंडीत चालत पोलंड-रुमानियाच्या सीमेवर पोचली. २०२३ साली सुदानमधून बसने पोर्ट सुदान आणि तिथून समोर जेद्दा. ही यादी नीट बघा. दर वेळी हाताशी बंदर होतं, नाहीतर चालू विमानतळ, नाहीतर सीमेपलीकडे शांत शेजारी. मालीला समुद्र नाही. नायजर आणि बुर्किना फासो या शेजाऱ्यांना हेच दुखणं जडलंय. सेनेगल आणि आयव्हरी कोस्ट बरे आहेत, पण तिकडचे रस्ते तेच, जिथे टँकर जळाले. म्हणजे उरला एक विमानतळ. तुमचा पलंग त्या विमानतळापासून किती लांब असणार, हे पाचव्या कलमात कंपनीने आपल्या मर्जीवर ठेवलंय. मला तो कागद नको आहे तो एवढ्यासाठी.

आता दुबईचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

२०११ चा फेब्रुवारी. लिबियात गडाफीविरुद्ध बेनगाझीत उठाव झाला आणि आठवड्याभरात देश दोन तुकडे झाला. आमची माणसं बेनगाझीच्या बाजूला होती. त्यांचे पासपोर्ट त्रिपोलीच्या ऑफिसातल्या तिजोरीत. मधे हजार किलोमीटर आणि लढाई. पासपोर्ट ऑफिसात ठेवले म्हणजे माणूस करार अर्धवट सोडून पळत नाही, अशी तेव्हा या धंद्यात रीत होती. तसं सांगणाऱ्या परिपत्रकावर सही माझी होती. आज तो कागद आठवला की मला अजून लाज वाटते, पण तेव्हा मी तो टाईप करवून, सही-शिक्का मारून कपाटात लावला आणि घरी जाऊन जेवले होते.

सरकारने बेनगाझीहून इजिप्तच्या अलेक्झांड्रियाला ‘स्कोशिया प्रिन्स’ नावाचं जहाज लावलं. ज्यांच्याकडे पासपोर्ट नाही त्यांना परतीपुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळणार होतं, पण माणूस भारतीय आहे याचा काहीतरी कागद हवा. आम्ही फायली उपसून प्रती पाठवत बसलो. बहुतेकांच्या मिळाल्या. बडोद्याजवळच्या पादरा गावाकडचा एक फिटर होता, तो सब-कॉन्ट्रॅक्टरमार्फत गेलेला, त्याची प्रत आमच्याकडे नव्हती. मी त्याच्या घरी फोन लावला. त्याची आई म्हणाली, “ए तो दुबई छे.” मी म्हटलं, मावशी, तो लिबियात आहे, मला त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स हवी आहे. तिने फोन ठेवला. पुन्हा लावला तर गावातल्या कुणीतरी घेतला आणि मलाच दम दिला, की असले फसवाफसवीचे फोन करशील तर पोलिसात देईन. त्याची काय चूक? टीव्हीवर लिबिया जळताना दिसतंय, पोरगा दुबईत आहे, आणि एक अनोळखी बाई त्याचे कागद मागतेय.

तिसऱ्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ सुरतेहून आला, त्याला खरं माहीत होतं. झेरॉक्स गेली. पण पहिल्या खेपेत त्याचं नाव बसलं नाही. बाकीचे घरी येऊन झोपले, तेव्हा तो अजून बंदराजवळच्या एका शेडमध्ये होता. आला, सुखरूप आला. काही दिवसांनी आईला घेऊन ऑफिसातही आला. ती माझ्याकडे बघतच नव्हती. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

तुमच्या आईंना बीपी आहे, म्हणून सांगायचं नाही म्हणता. पण काही झालंच तर ती बातमी त्यांना कोण देणार, शेजारी की टीव्ही? आणि ज्या दिवशी मंत्रालयातून किंवा कंपनीतून घरी फोन येईल, त्या दिवशी फोन उचलणाऱ्याला तुम्ही कुठे आहात ते ठाऊक नसेल तर तुमचं नाव कोणत्या यादीत मागे पडेल? शिवाय बाबांना माहीत आहे, बायकोला माहीत आहे. पाचवीतल्या मुलाने आजीसमोर दोन वर्षं दुबईचं नाटक करायचं? अहो, पोरं पहिल्याच आठवड्यात बोलून जातात.

आता कागद कसा बदलून मागायचा ते.

पाचव्या कलमात ‘बमाको शहर आणि विमानतळापर्यंतचा परिसर’ एवढंच ठेवून मागा. बाहेर जायचं तर दर वेळी तुमची लेखी संमती, आणि नाही म्हटलं तर तो करारभंग नाही, असं वाक्य हवं. कंपनी कुरकुरेल. म्हणेल, टेस्टिंग इंजिनिअर एका जागी कसा बसेल, दुसऱ्या टोकाच्या सबस्टेशनवर जावंच लागेल. हे खरं आहे. लाईनला दोन टोकं असतात आणि तुम्हाला दोन्हीकडे रिले लावायचे असतात. तेव्हा दुसरं टोक कुठे आहे आणि तिथे विमानाने नेणार की गाडीने, हे सहीच्या आधी कळायला हवं. गाडीने म्हणाले तर माझ्याकडून विषय संपला.

पासपोर्ट तुमच्या खिशात राहील. त्यावर वाद नको. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे ते पुस्तक भारत सरकारची मालमत्ता आहे, तिथल्या साइट मॅनेजरची नव्हे. सोबत पाचशे-सहाशे युरो रोख ठेवा. तिथलं चलन, सीएफए फ्रँक, युरोला बांधलेलं आहे आणि गडबडीच्या दिवसांत एटीएम हा फक्त भिंतीतला डबा असतो. कागदपत्रं फ्रेंचमध्ये आणि बाजारात बंबारा चालते. तेव्हा दूतावासाचा पत्ता फ्रेंचमध्ये लिहून पाकिटात ठेवा. आपला दूतावास बमाकोतच आहे. पोचल्याच्या दिवशी तिथे नाव नोंदवायचं, ‘सोमवारी बघू’ नाही.

नववं कलम बघितलंत? पहिल्या १२ महिन्यांत परत आलात तर तिकीट-व्हिसा-लस सगळ्याचा खर्च आणि वर दोन महिन्यांचा पगार वसूल, आणि त्यासाठी तुमच्याकडून आधीच चेक घेऊन ठेवणार. हे मला पाचव्याइतकंच खटकलं. निघायला हवं तेव्हाच माणूस थांबतो तो अशा कलमामुळे. रात्री स्फोट ऐकू येतो आणि सकाळी तो हिशेब करतो की अजून चार महिने काढले तर चेक सुटेल. तिथे अपवाद लिहून घ्या. भारतीय दूतावासाने निघायचा सल्ला दिला, किंवा प्रकल्पाच्या सल्लागार कंपनीने आपली माणसं काढली, तर सात दिवसांत कंपनी स्वखर्चाने परत आणेल आणि वसुली नाही. सल्लागाराचं का म्हणते ते सांगते. हे परदेशी कन्सल्टंट कधी काही बोलत नाहीत, पण एक दिवस त्यांच्या केबिनला कुलूप दिसतं. आमच्या साइटवरची मुरलेली माणसं सकाळी आधी त्यांच्या गाड्या मोजायची.

अपहरणाचा विमा आहे का, असं सरळ विचारून उपयोग नाही. असे विमे असतात, पण घेतलेला आहे हे गुप्त ठेवायची त्यात अट असते, त्यामुळे खरी कंपनीही हो म्हणणार नाही. असं विचारा, की मी संध्याकाळी सहा वाजता कॅम्पवर पोचलो नाही, तर सहा वाजून दहा मिनिटांनी कोण कुणाला फोन करणार? नाव आणि नंबर द्या. त्या नंबरवर भारतातून एकदा फोन लावून बघा. मी हे खूप जणांना सुचवलं, लावून बघणारे फार थोडे निघाले. लाजतात.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न, जो तुमच्या बायकोसमोर बसून विचारायला हवा. मी सापडलो नाही तर घरी पगार किती महिने येणार? २०१४ च्या जूनमध्ये इराकच्या मोसुलमध्ये ३९ भारतीय मजुरांना नेलं. ते मारले गेले हे सरकारने संसदेत सांगितलं मार्च २०१८ मध्ये. पावणेचार वर्षं त्या घरांमधली बाई ना विधवा होती ना सधवा. आपल्या कायद्यात बेपत्ता माणूस मेला असं धरायला सात वर्षं जावी लागतात. तोवर आयुर्विम्याचे पैसे अडकतात, पण बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो. (त्याच जूनमध्ये तिक्रितला अडकलेल्या ४६ भारतीय नर्सेस महिन्याभरात सुखरूप परत आल्या. दोन्ही गोष्टी एकाच देशातल्या, एकाच महिन्यातल्या. म्हणून ‘तिथे काही होत नाही’ आणि ‘तिथे गेला तो मेला’ ही दोन्ही वाक्यं मी ऐकून सोडून देते.)

विम्याचं थोडक्यात. टर्म पॉलिसीत मृत्यू कोणत्या देशात झाला हे सहसा आडवं येत नाही, पण नवी घेताना परदेशी जाण्याबद्दल अर्जात प्रश्न असतो, तिथे माली लिहा, दुबई नाही. जुनी असेल तर कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. अपघात विमा आणि प्रवास विमा मात्र युद्ध, यादवी अशा कारणांना बहुधा वगळतात. अगदी बारीक टाईपातलं ते पान वाचा.

एजंट म्हणतो, सरकारी परवानगीची भानगड नाही, कशो वांधो नथी. भानगड नाही हे खरं. मजुरांना ज्या १८ देशांसाठी इमिग्रेशनची मंजुरी लागते त्यांत माली नाही, आणि तुम्ही पदवीधर, तुम्हाला तशीही लागली नसती. पण याचा अर्थ असा, की तुमचा करार सरकारातल्या कुणीच वाचलेला नाही. पादऱ्याच्या त्या फिटरसारखा कामगार सौदीला जाताना त्याच्याकडे निदान १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीने असतो, दोन वर्षांचे २७५ रुपये भरून. तुमच्याकडे तोही नसणार. वांधा नाही असं एजंटाने म्हणावं, त्याचं कमिशन त्यात आहे.

पैशाचा हिशेब तुम्ही दोन वर्षांचा केलाय. २,६०० डॉलर म्हणजे २०२५ च्या अखेरच्या भावाने दोन लाख तीस हजारांच्या आसपास, वरकड दीड लाखावर, गुणिले २४, कर्ज फिटलं. पाच महिन्यांचा करून बघा. पाच महिन्यांत परत यावं लागलं तर मकरपुऱ्याची नोकरी आहे का? राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा मिळते का, विचारलंत का? अकरा वर्षं काढलेल्या माणसाला साहेब निदान ऐकून तरी घेतील. आणि ‘टॅक्स फ्री’ म्हणतात ना, जानेवारीत निघालात तर या आर्थिक वर्षात तुम्ही भारतात १८२ दिवसांहून जास्त राहिलेले, म्हणजे मार्चपर्यंतच्या पगारावर इथे कर लागणार. तुमच्या कामाला ओमान, सौदीतही मागणी आहे. तिथे २,६०० मिळणार नाहीत. पण १,७०० मिळाले तर कर्ज दोनाच्या जागी चार वर्षांत फिटेल, आणि कात्रणं बंद होतील. तिकडे अर्ज केलाय का, हे पत्रात कुठे दिसलं नाही.

बायको ‘तुम्ही ठरवा’ म्हणते, हे तुम्ही तिच्या संमतीसारखं लिहिलंय. मला तसं ऐकू येत नाही. जा म्हटलं आणि काही झालं तर जन्मभर तिच्या डोक्यावर. नको म्हटलं तर दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता जाताना तुमचं तोंड बघायचं. तिने दोन्ही दारं लावून घेतली आहेत. तिला पुन्हा ‘जाऊ का’ असं विचारू नका. सहा वाजून दहा मिनिटांचा नंबर, पगार किती महिने येणार, विमा, बँकेत जोडखातं आहे का, फ्लॅटच्या कागदांवर तिचं नाव आहे का, हे घेऊन बसा. यांची उत्तरं तिला पटली की ती आपणहून बोलेल, आणि जे बोलेल ते ऐका. बाबांनाही त्याच बैठकीत घ्या. रिफायनरीत राहिलेला माणूस आहे, परमिट आणि सेफ्टी त्यांना तुमच्या-माझ्याहून चांगली कळते. त्यांना कात्री खाली ठेवायला सांगा आणि ऑफर लेटर वाचायला द्या. पाचवं कलम ते माझ्यापेक्षा लवकर पकडतील.

दहातले किती दिवस उरलेत ठाऊक नाही, तर आजच कंपनीला मेल करा. फोन नको, मेल. पाचवं आणि नववं कलम बदलून मागा. नाही म्हणाले तर ते तुमचं उत्तर. हो म्हणाले तर यलो फीवरची लस निघायच्या दहा दिवस आधी घेतलेली हवी आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टला टाचून ठेवा, नाहीतर परत येताना आपलेच लोक विमानतळावर सहा दिवस बाजूला बसवतील. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून न्या, तिथला मलेरिया हलक्यात घेण्यासारखा नसतो.

आणि मग आईंजवळ बसा. मुलाच्या ॲटलासमध्ये आफ्रिकेचं पान असेल, ते उघडा. हा माली, हे बमाको, हा विमानतळ. हे कायेस, इथे मी जाणार नाही, तसं लिहून घेतलंय, म्हणून बोट ठेवून सांगा. घेतलं असेल तरच.